खासगी जाळे अनुज्ञेय नाही

‘शासकीय निधीतून खासगी जाळे उभारणे अनुज्ञेय नाही. प्रस्ताव परत.’

मयुरीने हे वाक्य उभ्याउभ्या वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं आणि मग फाइल उचलून देवाजीभाऊंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे कोनी लिवलं, भाऊ?"

देवाजीभाऊ म्हणजे कक्षातले वरिष्ठ लिपिक. एकोणतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मीच लिवलं, बाई. साहेबांनी खाली सही मारली. खासगी गोष्टीले सरकारी पैसा कसा देता येईल, तुम्हीच सांगा."

"ते तसं खासगी नाई ना, भाऊ."

"मंग कसं खासगी?"

आता याचं उत्तर एका वाक्यात देता येत असतं तर पुढचे पाच महिने गेलेच नसते.

हा कक्ष गडचिरोलीत एका सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. वनहक्काच्या दाव्यांचे कागद इथे स्कॅन करून ठेवतात. गावांचे ठराव, नकाशे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाब, सगळं एकाच जुन्या सर्व्हरवर. आठ वर्षं तो बिचारा राबला आणि आता त्याच्या पोटातून मधूनच टक टक असा आवाज यायला लागला होता. बॅकअपची डिस्क भरून तीन वर्षं झाली होती आणि नवी डिस्क मागणारं पत्र कोणत्या टेबलावर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्चअखेरीस निधी परत जाईल या भीतीने घाईघाईत तीन नवे सर्व्हर घेतले गेले. तिघांनी मिळून एक कोठार व्हायचं होतं. पण ते तिघं एकमेकांशी बोलणार कसे, याचा विचार घेणाऱ्यांनी केलाच नाही. म्हणून खोकी भिंतीला लागून पडून होती आणि चपराशी नथ्थू त्यांच्यावर डबा खायला बसायचा. तो विचार करून आराखडा द्यायचं काम मयुरीच्या गळ्यात पडलं.

मयुरी लटारू बारसागडे, वय तेहतीस, मुक्काम चामोर्शी. बाप धानाचा शेतकरी. आळीतून तंत्रनिकेतनात जाणारी ती पहिली मुलगी. पदविका झाल्यावर दोन वर्षं घुग्घुसला एका कारखान्यात वायरी ओढल्या. शिडीवर चढायची, छताच्या पत्र्याखाली उकडून निघायची, संध्याकाळी नाकातून काळी धूळ निघायची. मग ही कंत्राटी नोकरी. दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड आणि नवा आदेश. असे सहा आदेश तिच्या पेटीत होते. रोज सकाळी एसटीने यायचं, संध्याकाळी एसटीने जायचं. लटारू दर वर्षी विचारायचे, "पक्की झाली का गा पोरी?" आणि दर वर्षी ती म्हणायची, "होते ना बाबा."

नोकरी कच्ची होती, पण हात पक्का होता. तिने आराखडा मन लावून केला. त्याची गोष्ट अशी की तीन सर्व्हरांपैकी एकाने कागद घेतला की त्याच्या प्रती उरलेल्या दोघांकडे जातात. एक मेला तरी दोघांकडे सगळं शाबूत. नवा आणून बसवला की ते दोघं त्याला सगळं पुन्हा भरून देतात. ही देवाणघेवाण दांडगी असते. म्हणून रस्ते दोन पाहिजेत. एक माणसांचा, ज्यावरून कार्यालयातले लोक कागद मागतील. दुसरा फक्त सर्व्हरांचा आपसातला. दोन वेगळे स्विच, म्हणजे वायरी एकत्र जोडायचे ते चपटे डबे. प्रत्येक सर्व्हरला दोन वायरी, माणसांची निळी आणि सर्व्हरांची लाल. पत्त्यांच्या मालिकाही दोन, म्हणजे एकाची वर्दळ चुकूनही दुसऱ्यात शिरायला नको.

हे ती पुस्तकातून नाही, घुग्घुसच्या फाटकावर शिकली होती. तिथे सुरुवातीला ट्रकांना आणि पाळीच्या कामगारांना एकच फाटक होतं. पाळी सुटली की ट्रकांची रांग आणि मोटरसायकलींचा घोळका एकमेकांत असा अडकायचा की तासभर ना कोळसा हलायचा, ना माणूस. मग मागून ट्रकांचा वेगळा रस्ता काढला, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी कुणाला शिवी दिली नाही.

फाइल मात्र मराठीत पाहिजे. इंग्रजी पुस्तिकेत जे शब्द होते त्यांचं तिने इमानेइतबारे मराठी केलं. माणसांचं ते ‘सार्वजनिक जाळे’ आणि सर्व्हरांचं ते ‘खासगी जाळे’. हा इमानेइतबारेपणाच नडला. कारण आक्षेपाची दुसरी ओळही होती. ‘सार्वजनिक जाळ्यात जनतेस थेट प्रवेश राहणार काय, व राहिल्यास अभिलेखांच्या गोपनीयतेचे काय, याचा खुलासा व्हावा.’

मयुरीने कपाळावर हात मारून घेतला.

"शब्द बदला ना," देवाजीभाऊ म्हणाले. माणूस वाईट नव्हता. कागदावर जे दिसतं तेवढंच खरं, असं मानून त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि त्यात त्यांचं कधी वाकडं झालं नव्हतं.

तिने शब्द बदलला. ‘खासगी’च्या जागी ‘अंतर्गत’ केलं. फाइल गेली. पोळा आला आणि गेला, फाइल आली नाही. एक दिवस खाकी पिशवी घेऊन एक माणूस आला, खोलीच्या चारी भिंती टेपने मोजल्या आणि म्हणाला, "बोर्ड कुठी लावायचा, मॅडम?"

"कायचा बोर्ड?"

"स्विचचा. अंतर्गत वायरिंग नि दोन स्विच असं लिवून हाय. पंख्याचे हायत का लाइटीचे?"

फाइल विद्युत शाखेकडे गेली होती. अंतर्गत वायरिंग त्यांच्याकडे, स्विचही त्यांच्याकडेच. त्या माणसाचा काही दोष नव्हता. मयुरीने त्याला चहा पाजला आणि हे काम विद्युत शाखेचं नाही, एवढं लिहून मागितलं. त्या एका ओळीला पुढे तीन आठवडे लागले, कारण ती ओळ त्याच्या वरच्याने लिहायला पाहिजे होती.

घरी जेवताना ती चिडचिड करत होती. लटारू म्हणाले, "तुयं काम काय हाय ते मले अजून समजलं नाई."

"तीन पेट्या हायत बाबा. एकच कागद तिन्हीत ठेवाचा. एक गेली तरी दोन राह्यतेत."

"मंग हे तं बियाच्या धानासारखं झालं," ते म्हणाले. "बियाचं धान आपन एकाच ढोलीत थोडी ठेवतो? तुया साहेबाले हे समजत नाई?"

बापाला समजलं ते साहेबाला कसं सांगावं, हे तिला अजून जमत नव्हतं.

याच दिवसांत सोमारी हिचामी पहिल्यांदा आली. एटापल्लीच्याही आत, वासेगुडा नावाच्या तीस-चाळीस घरांच्या गावची. ग्रामसभेची सचिव. चाळिशीची बाई, काटक, पायात प्लॅस्टिकच्या चपला, हातात ठरावाची वही. पहाटे पायी निघून, दोन एसट्या बदलून ती दुपारी पोचली होती.

"जोहार, बाई. आमच्या गावचा जुना कागद पायजे."

गोष्ट साधी होती. गावामागच्या टेकडीवरचा मोह आणि बांबू वासेगुड्याच्या हक्काचा, असा कित्येक वर्षांपूर्वी एका रेंजरने हाताने नकाशा काढून, खाली सही करून दिलेला कागद होता. दोन वर्षांपूर्वी स्कॅनिंगच्या शिबिरात गावाने तो दाखवला, कक्षाने त्याची प्रत घेतली आणि मूळ कागद गावाला परत केला. गावाने तो पेटीत ठेवला आणि पेटीला वाळवी लागली. आता दिवाळीनंतर, मंडईच्या म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत, टेकडी कुणाची यावर सुनावणी होती. त्या कागदाची एकच प्रत जगात उरली होती, आणि ती मयुरीच्या टकटकणाऱ्या सर्व्हरवर.

मयुरीने शोधली. सापडली. पडद्यावर पिवळट कागद आला. वाकडीतिकडी टेकडी, नाला, मोहाच्या झाडांचे ठिपके, खाली शाईची सही. सोमारी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आली. बोटाने नाल्याची रेघ धरून वर वर गेली. "इथी आमचा देव हाय," ती म्हणाली. मग तिने पदराखालून फोन काढला आणि पडद्याचा फोटो घेतला.

"अवो, नाई नाई!" मयुरी दचकली. मागे साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. "सरकारी कागदाचा खासगी फोटो काढता येत नाई, सोमारीबाई. नियम हाय. अर्ज करा, पंधरा दिवसांत सहीशिक्क्याची नक्कल भेटंन. सुनावनीत तेच चालते, फोटो चालत नाई."

"मंग हा?"

"मिटवून टाका."

सोमारीने फोन तिच्यासमोर धरला आणि तिच्या देखत फोटो मिटवला. मग अर्जावर सही केली आणि शेवटची गाडी पकडायला निघाली.

पंधरा दिवसांचे पस्तीस झाले. साहेब तीन आठवडे प्रशिक्षणाला गेले आणि ज्यांच्याकडे कार्यभार होता ते म्हणाले, नक्कल मी सही करणार नाही, ज्यांचं काम त्यांनी करावं. सोमारी दुसऱ्यांदा आली ती दसऱ्यानंतर. नेमकी त्याच सकाळी अर्जावर मंजुरीची सही झाली होती. मयुरीला बरं वाटलं. तिने कागद उघडायला घेतला. पडद्यावर चाक फिरत राहिलं. टक टक, टक टक. दोन तास दोघी त्या चाकाकडे बघत बसल्या. टेकडीचा वरचा तुकडा आला आणि तिथेच थांबला.

"आज नाई होत," मयुरी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या. मी काढून ठेवतो." तिच्या जिभेवर इथलं पुरुषी-बायकी सारखंच बोलणं होतं, आणि घाबरली की ते जास्तच यायचं.

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. डिस्क जात होती, यात तिला आता शंका नव्हती. सकाळी ती सरळ साहेबांकडे गेली. जुन्यावरचं सगळं नव्या तिघांवर आजच उतरवून घेऊ, असं म्हणाली.

"जाळं मंजूर आहे का?" साहेबांनी विचारलं. साहेब पुण्याकडचे होते, शुद्ध बोलायचे.

"नाही सर. फाइल फिरते आहे."

"मग?"

"मी घरून छोटा स्विच आणते. माझा आहे."

"घरचं यंत्र शासकीय खोलीत? ते तर आणखीच खासगी झालं."

"मग रविवारी करू द्या. कार्यालयाच्याच स्विचवर. सुट्टीत कुणाला त्रास नाही."

"कंत्राटी कर्मचाऱ्याला सुट्टीच्या दिवशी कक्ष उघडता येत नाही. काय करायचं ते कार्यालयीन वेळेत करा. कुणाची तक्रार येता कामा नये, एवढं बघा."

तिने दात ओठ खाल्ले आणि केलं. नथ्थूच्या डब्याखालची खोकी उघडली, तिन्ही सर्व्हर रचले आणि मजल्यावरच्या एकुलत्या एक स्विचला एका रस्त्याने जोडले. तिच्याच आराखड्याच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘असे करू नये’ म्हणून जे लिहिलं होतं, तेच तिने स्वतःच्या हाताने केलं. जुना सर्व्हर मधलंच एखादं गाव आधी उचलू देत नव्हता, म्हणून गावांचे कागद अक्षरवारीने आत जायला लागले. तालुका अहेरी. तालुका आरमोरी. एकेक कागद आत जाई आणि त्याच्या दोन प्रती त्याच रस्त्यावरून उरलेल्या दोघांकडे निघत. अर्ध्या तासात मजला ठप्प झाला. पगाराची बिलं अडकली, वरिष्ठांची ऑनलाइन बैठक तुटली, कुणीतरी ओरडलं, "नेट कुठी गेलं?" अगदी घुग्घुसचं फाटक.

ती हात जोडून म्हणाली, "सर, फक्त एटापल्ली होऊ द्या. तासभर."

पडद्यावर एटापल्ली तालुका सुरू झाला होता. ‘ब’ची गावं चालली होती. साहेब स्वतः आले, केबिनमधून इथवर चालत आले, आणि त्यांनी वायर उपटली. संध्याकाळी तिला खुलासा मागणारं पत्र मिळालं. ‘विनामंजुरी जोडणी करून शासकीय कामकाजात व्यत्यय आणल्याबाबत.’

मयुरी पत्र घेऊन जिन्यात बसली. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. नियम मोडला तरी तीच, पाळला तरी तीच. देवाजीभाऊ पिशवी घेऊन घरी निघाले होते, ते तिच्यापाशी थांबले. सकाळपासून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"बाई, एक इचारू? त्या दुसऱ्या जाळ्यात मानसाले जाताच येत नाई, असं हाय का?"

"हो."

"फक्त त्या तिघांसाठीच ठेवलेलं?"

"हो ना, भाऊ. तेच तं सांगून राह्यली पाच महिन्यापासून."

"मंग राखीव म्हना ना," देवाजीभाऊ म्हणाले. "राखीव जंगलासारखं. या जिल्ह्यात राखीव म्हनलं का कोनी इचारत नाई, आत काय हाय नि काऊन हाय."

तिने तिथेच, जिन्यात, पेनाने ‘अंतर्गत’वर काट मारली आणि ‘राखीव’ लिहिलं. सार्वजनिकचं ‘कार्यालयीन’ केलं. देवाजीभाऊंनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः फाइल हातात धरून सात टेबलं फिरवली. ‘राखीव जाळे. आवश्यक. मंजुरीस हरकत नाही.’ पाच महिन्यांत जे झालं नाही ते दोन दिवसांत झालं. एक आक्षेप नाही, एक प्रश्न नाही.

त्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी जुना सर्व्हर बंद पडला. टक टक थांबलं होतं. मयुरीने तो उघडला, डिस्क काढली, पुसली, परत बसवली, कानाला लावली. काही नाही. डिस्क दुरुस्तीला पाठवली, तिथून चार ओळींचं उत्तर आलं की काही निघणार नाही. दुसरा रस्ता तयार झाला, लाल वायरी झळकल्या, तिन्ही सर्व्हर एकमेकांशी सुरेख बोलू लागले. अहेरी, आरमोरी आणि एटापल्लीची ‘ब’पर्यंतची गावं तीन-तीन जागी सुखरूप होती. बाकीच्या गावांचे मूळ कागद गावांत होते, पुन्हा शिबिरं घेऊन स्कॅन करता येणार होते. मूळ कागद नसलेलं गाव यादीत एकच होतं.

सोमारी तिसऱ्यांदा आली. सुनावणीला चार दिवस होते.

मयुरीने तिला बसवलं, पाणी दिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "सोमारीबाई, तुमचा कागद गेला. आमच्याकडून गेला. मी नाई वाचवू शकली."

सोमारीने पाणी अर्धं ठेवलं. तिने नव्या सर्व्हरांच्या हिरव्या दिव्यांकडे बोट केलं. "हे नवे आनले ना?"

"हो. उशिरा लागले."

मयुरीला एकदम आठवलं. तिने खुर्ची पुढे ओढली. "तुमचा फोन द्या. तुम्ही फोटो काढला होता ना त्या दिवशी?"

"तुम्हीच मिटवा म्हनल्या, बाई."

"मिटवलेले फोटो महिनाभर राह्यतेत आत. द्या, मी पाह्यतो."

तिने पाहिलं. मिटवलेल्या फोटोंत नातवाचा एक होता, बकरीचे दोन होते. टेकडीचा नव्हता. त्याला चाळीस दिवस होऊन गेले होते.

सरकारी कागदाचा खासगी फोटो काढता येत नाही. आपलाच आवाज तिच्या कानात परत आला, आणि तो हुबेहूब फाइलवरच्या आक्षेपासारखा होता. पाच महिने ती ज्या माणसावर दात ओठ खात होती, तो माणूस फोटोच्या त्या दुपारी तिच्याच रूपाने तिच्या खुर्चीत बसला होता. साहेबाला घाबरून तिने एका बाईच्या हातातून तिची टेकडी काढून घेतली होती. तिला स्वतःची शरम वाटली, इतकी की मान वर होईना.

सोमारी फोन घेऊन उठायला लागली. "बसा," मयुरी म्हणाली.

तिने कोरा कागद घेतला. लेटरहेड नाही, साधा कोरा. आणि लिहायला लागली. मी, मयुरी लटारू बारसागडे, या कक्षात तंत्रज्ञ म्हणून काम करते. वासेगुडा गावाच्या हक्काचा हाताने काढलेला नकाशा या कक्षात होता. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्यात टेकडी होती, नाला होता, मोहाची झाडं होती, गावाच्या देवाची जागा होती, आणि खाली रेंजरची सही होती. तो गावाच्या चुकीने नाही, आमच्या कक्षाच्या दिरंगाईने नष्ट झाला. गरज पडल्यास मी सुनावणीत येऊन हे सांगेन. तारीख घातली, सही केली. मग सोमारीला विचारून विचारून, आठवेल तसा, खाली नकाशाही काढला. नाला कुठून वळतो ते सोमारीने बोटाने दाखवलं आणि मयुरीने रेघ मारली.

देवाजीभाऊ केव्हाचे मागे येऊन उभे होते. त्यांनी कागद वाचला. "बाई, यावर शिक्का नाई, जावक नंबर नाई. हे सरकारी नाई होत. हे तुमचं खासगी झालं." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमचा आदेश येत्या महिन्यात संपते. साहेबांनी हे पाह्यलं तं नवा निंगनार नाई."

"माहीत हाय, भाऊ," मयुरी म्हणाली, आणि कागद सोमारीच्या हातात दिला.

सोमारीने तो वहीत ठेवला. परत काढला. थोडी घुटमळली.

"बाई, याचा फोटो काढू का?"

"काढा," मयुरी म्हणाली. "नि तीन जागी ठेवा."